करमणे, रंजन आणि गंमत : भिलाई परिसरातील लोकनाट्याच्या संदर्भात एका संकल्पनेची चिकित्सा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी समीक्षेने साहित्यकृतीच्या प्रयोजनाचा विचार बहुधा 'रंजन' आणि 'उद्बोधन' या जोडीच्या आधारे केला आहे. कृतीत रंजन किती आणि बोध किती, याचे माप घेऊन तिचा दर्जा ठरविण्याची रीत त्यातून रूढ झाली, आणि 'रंजनप्रधान' हे विशेषण दुय्यमतेचे निदर्शक बनले. या मोजमापात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. मराठी माणूस आपल्या रमण्याचा अनुभव ज्या शब्दांनी सांगतो, त्या मनोरंजन, करमणूक आणि गंमत या शब्दांची घडण एकसारखी नाही. व्यवहारात ते एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी त्यांतून सूचित होणारे नाते वेगवेगळे आहे. हा भेद ध्यानात घेतल्यास लोकनाट्याकडे, विशेषतः छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई परिसरातील 'नाचा' या प्रकाराकडे पाहण्याची दृष्टी बदलते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'रंजन' हा शब्द संस्कृत 'रञ्ज्' या धातूपासून आला आहे. रंगणे, रंग चढणे हा त्याचा मूळ अर्थ. मनोरंजन म्हणजे मनाला रंग देणे. या कल्पनेत रंगविणारा एक आणि रंगला जाणारा दुसरा असतो. कालिदासाने 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात 'राजा' या शब्दाची संगती प्रजेच्या रंजनाशी लावली, तेव्हा हेच नाते राजसत्तेच्या पातळीवर मांडले गेले. रंजन वरून येते, प्रजा ते ग्रहण करते.

'करमणे' या क्रियापदाची घडण याहून निराळी आहे. त्याचा संबंध 'क्रम्' या धातूशी, म्हणजे पुढे सरण्याशी लावला जातो. 'कालक्रमणा' या शब्दात तो अर्थ आजही टिकून आहे. 'मला करमते' या वाक्यात अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत येते. तिला कोणी रमवीत नाही आणि ती स्वतःही काही करीत नाही. काळ सुसह्यपणे सरतो आहे, एवढेच वाक्य सांगते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे हे क्रियापद बोलण्यात बहुधा नकारार्थी येते. सासरी गेलेल्या मुलीला करमत नाही, परगावी नोकरीस गेलेल्याला करमत नाही, घरातले माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना करमत नाही. करमण्याच्या मुळाशी अशा रीतीने सोबतीचा अभाव आहे. हिंदीतील 'मन लगना' या प्रयोगाची घडण याला जवळची आहे. तेथेही अनुभव घेणारा कर्ता नसतो. मात्र मन कशात तरी गुंतण्यावर भर असल्याने काळाच्या सरण्याची मराठी छटा त्यात उतरत नाही.

या क्रियापदापासून 'करमणूक' हे नाम झाले आणि 'करमणूक करणे' असा प्रयोग रूढ झाला, तेव्हा देणारा आणि घेणारा हे रंजनातील नाते त्यातही शिरले. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमाने त्याला कायद्याचे रूप दिले. तिकीट काढून मिळते ती करमणूक, आणि म्हणून ती शुल्कपात्र. हिंदीभाषक राज्यांत हाच कर 'मनोरंजन कर' या नावाने ओळखला गेला. १ जुलै २०१७ पासून तो बहुतांशी वस्तू व सेवा करात विलीन झाला. परंतु करमणूक ही पुरविण्याची वस्तू आहे, ही धारणा त्यामुळे मावळली नाही.

मुद्रणयुगातील मराठीत मात्र 'करमणूक' या शब्दाचा वेगळा पट दिसतो. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव 'करमणूक' होते, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही बालविधवा यमूची कहाणी सांगणारी कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. का. र. मित्र यांचे 'मनोरंजन' १८९५ मध्ये निघाले. १९०९ मध्ये त्याने मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. रंजन आणि उद्बोधन हे परस्परविरोधी असते, तर यमूच्या वेदनेला 'करमणूक' या शीर्षाखाली स्थान मिळालेच नसते. याची संगती समीक्षा सहसा 'गोळीला साखरेचे वेष्टन' या रूपकाने लावते. ते रूपक येथे अपुरे पडते. कारण ज्या शब्दाच्या मुळाशीच उणीव आहे, त्या शब्दाला दुःखाची कथा परकी नाही.

तिसरा शब्द 'गंमत' हा या चर्चेला मराठीच्या पूर्व सीमेवर आणून सोडतो. विदर्भात 'खडी गंमत' हा लोकनाट्यप्रकार प्रचलित आहे. शाहीर, ढोलकीवाला आणि स्त्रीवेषातील नाच्या उघड्या जागेत उभ्यानेच तो सादर करतात. सीमेपलीकडे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई या पट्ट्यातील 'नाचा'मध्ये जो प्रहसनात्मक भाग असतो, त्यास 'गम्मत' असेच म्हणतात. वाद्ये कमरेस बांधून उभ्याने वाजविण्याच्या नाचाच्या जुन्या पद्धतीस 'खड़े साज' हे नाव आहे. पुरुषाने साकारलेली 'परी' आणि हास्योत्पादक 'जोक्कड़' ही तेथील पात्रे तमाशातील नाच्या व सोंगाड्या यांची सहज आठवण करून देतात.

या साम्याचे स्पष्टीकरण भोसलेकालीन मराठी प्रभावाने करण्याचा मोह होतो. नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने १७४१ मध्ये रतनपूर जिंकले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा प्रदेश त्या सत्तेशी निगडित राहिला. परंतु 'गम्मत' हा शब्द गुजरातीतही मौज या अर्थाने नांदतो. त्यामुळे राज्यविस्ताराच्या नकाशावरून शब्दाचा प्रवास आखणे युक्त ठरत नाही. तुलनेच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण गोष्ट ही, की गंमत दिली वा घेतली जाण्यापेक्षा 'होते', 'येते'; आणि तिला जमलेली माणसे लागतात.

नाचातील गम्मतीचा आशय पाहिला म्हणजे रंजन-उद्बोधन या विभागणीची मर्यादा उघड होते. राजनांदगावजवळील रवेली गावच्या दाऊ मंदराजी यांच्या मंडळीच्या गम्मतींत 'मेहतरिन' अस्पृश्यतेवर, तर 'बुढ़वा बिहाव' वृद्धाने बालिकेशी लग्न करण्यावर आघात करीत असे. हाच दुसरा विषय गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये 'संगीत शारदा'त हाताळला होता. शारदेच्या प्रेक्षकाला अन्यायाची जाणीव करुणेच्या वाटेने होते. गम्मतीत म्हातारा नवरदेव जोक्कड़च्या तडाख्यात सापडतो आणि ज्या गावात असे विवाह घडतात तेच गाव त्याला हसते. येथे हसू हाच सामाजिक निवाडा आहे. त्यातून बोध वेगळा काढू गेल्यास हाती केवळ एक सुभाषित उरते.

भिलाईने या परंपरेला नवा संदर्भ दिला. २ फेब्रुवारी १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जमिनी गेलेले आसपासचे गावकरी आणि देशाच्या नाना भागांतून आलेले कामगार एकाच नगरीत आले. 'करमत नाही' हे ज्यांचे खरे दुःख असावे, असाच हा समाज होता. नियोजित वसाहतीने त्यावर उद्याने, सभागृहे, क्रीडांगणे असा उपाय योजला. १९७२ मध्ये स्थापन झालेली मैत्री बाग ही त्याची ठळक खूण. कामाचे तास आणि करमणुकीचे तास यांची ही काटेकोर विभागणी अनुभवाशी मात्र पूर्णतः जुळत नाही. मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले, की भिलाईच्या कारखान्यात कामाच्या पाळीतही गप्पांना व सहवासाला वाव असे आणि शेतातील राबण्यापेक्षा ते काम अनेकांना अधिक सुसह्य वाटे. करमण्यासाठी काम थांबावे लागतेच असे नाही. सोबत असावी लागते.

भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत राहिलेल्या, जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांच्या पंडवानीतही हे तत्त्व दिसते. त्यांच्या हातातील तंबोरा प्रसंगानुसार गदा होतो, धनुष्य होतो. पण कथा पुढे सरकते ती 'रागी' या साथीदाराच्या हुंकारावर. तो प्रश्न विचारतो, होकार देतो, विस्मय दाखवितो. ऐकणाऱ्याचे काम येथे प्रयोगाचेच अंग बनले आहे.

हबीब तन्वीर यांच्या 'चरणदास चोर'ची जडणघडण या दृष्टीने उद्बोधक आहे. विजयदान देथा यांनी लिहिलेल्या राजस्थानी लोककथेवरून, नाचाच्या कलावंतांना घेऊन, १९७४ च्या सुमारास भिलाईतील कार्यशाळेत त्याचे आरंभीचे रूप सिद्ध झाले आणि ते उघड्या मैदानावर सतनामी समाजाच्या मेळाव्यापुढे सादर झाले. चोर गुरूपुढे थट्टेखातर अशक्य वाटणाऱ्या प्रतिज्ञा करतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू त्यात खरे बोलण्याची भर घालतो. गंमत म्हणून उच्चारलेले हे शब्द तो अखेरपर्यंत पाळतो आणि त्यापायी प्राण गमावतो. गुरू घासीदासांच्या उपदेशात सत्यालाच ईश्वराचे स्थान असल्याने त्या प्रेक्षकांना चोराचे सत्यव्रत परके नव्हते. पुढे हे नाटक १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात गाजले. तेथील प्रेक्षकापाशी ही पूर्वओळख नव्हती. ज्या प्रेक्षकांसमोर ते घडले, त्यांचा वाटा संहितेत विरघळलेला होता म्हणूनच ते इतके दूर जाऊ शकले, असे म्हणता येते.

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवापाशी पाहता व ऐकता येईल असे खेळणे मागतात, आणि दुःखाने, श्रमाने व शोकाने गांजलेल्यांना विसावा देणे हे नाट्याचे कार्य सांगितले जाते. मराठी समीक्षेने या परंपरेतून 'रस' घेतला. हा 'श्रमार्त' मात्र तिच्या विचारातून सुटला. 'करमणे' या क्रियापदाने त्याची आठवण भाषेत जपली आहे. लोकनाट्याचे मूल्यमापन करताना रंजन किती व बोध किती, असे विचारण्याऐवजी कोणाला, कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या उणिवेत करमले, हा प्रश्न अग्रभागी आणणे आवश्यक आहे. तसे न केल्यास नाचा, खडी गंमत आणि पंडवानी यांचा अभ्यास लोकरंजनाच्या प्रकारांची सूची करण्यापुरता राहील, आणि ज्या हसण्याने गावाने स्वतःचाच न्याय केला, ते हसू समीक्षेला ऐकू येणार नाही.