पदवीच्या आधीची तीन वर्षे

समीर विद्वांस यांचा २०१९ सालचा 'आनंदी गोपाळ' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांची कामे उत्तम आहेत. हट्टी गोपाळराव आणि त्यांच्या धाकात, तरीही त्यांच्याच बळावर शिकणारी आनंदी हे अवघड नाते चित्रपट ताकदीने उभे करतो. पण परदेशात राहणाऱ्या तुम्हाआम्हाला एक गोष्ट खटकते: अमेरिका फार उशिरा येते आणि लवकर संपते.

श्री. ज. जोशी यांच्या १९६८च्या कादंबरीचे नावही हेच. म्हणजे ही गोष्ट आपण जोडप्याची म्हणूनच ऐकत आलो. प्रत्यक्षात जून १८८३मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा गोपाळराव सोबत नव्हते. ते अमेरिकेत पोचेपर्यंत त्यांच्या शिक्षणाचा बराच काळ सरला होता. मग ही मुलगी टिकली कशी?

याचे उत्तर न्यू जर्सीतल्या रोझेल गावात आहे. थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचे पत्र वाचले आणि आपणहून पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई बोटीत बसण्याआधीच दोघींची पत्रांतून घट्ट ओळख झाली होती. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. पहिला उन्हाळा त्या घरात गेला आणि मग ऑक्टोबरात फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

खरे नाट्य इथून पुढे आहे. शाकाहार सांभाळायचा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि थंडी बोचते, म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायची. काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे, हे रोज ठरवायचे. सोबतीला जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली होत्या. १८८५चा तिघींचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. परक्या गावात आधार यजमानांचा असतो, तसा आपल्यासारख्याच परक्यांचाही असतो. या साऱ्यावर एक वेगळा चित्रपट झाला असता.

हे आज का सांगायचे? आपली मंडळे नव्या विद्यार्थ्यांना गणपतीला जेवायला बोलावतात, खुर्च्या मांडायला हाताशी घेतात. ते चांगलेच आहे. पण जानेवारीत बाहेर बर्फ साचलेला असतो, पहिल्या सेमिस्टरचे गुण मनासारखे नसतात, घरी फोनवर सगळे 'छान चाललंय' असते. तेव्हा त्यांची चौकशी कोण करते? कार्पेंटरबाईंनी एका समारंभाचे आमंत्रण दिले नव्हते. त्या शेवटपर्यंत नाते निभावत राहिल्या.

मात्र हे चित्र गोड करून सांगू नये. मावशीच्या मायेने क्षय थांबला नाही. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ला, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी, आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे.

तुमच्या मंडळात हा चित्रपट दाखवणार असाल तर जरूर दाखवा, आणि यंदा आलेल्या मुलामुलींना आवर्जून बोलवा. चित्रपट संपल्यावर मात्र लगेच जेवणाकडे वळू नका. राहून गेलेली ही तीन वर्षे त्यांना सांगा, आणि त्यांचा पहिला हिवाळा कसा चालला आहे तेही विचारा.