मनिला : गाडीतून, नावेतून आणि पायी

परक्या शहरात पाऊल टाकल्याबरोबर घराची आठवण काढावयाची, ही आपल्या प्रवासवर्णनकारांची जुनी खोड आहे. नदी दिसली की मुळा-मुठा, चढ लागला की खंडाळ्याचा घाट. बदलीच्या गावी वर्षे काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही खोड निराळी सांगावयास नको. परंतु अशा तुलनेचे वाङ्मयीन मोल काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच कोणी विचारतो. फिलिपाइन्सचा कादंबरीकार होसे रिसाल (१८६१–१८९६) याने तो विचारला, आणि तोही आपल्याच देशाच्या राजधानीच्या रस्त्यांवर.

त्याची ‘नोली मे तांगेरे’ ही स्पॅनिश कादंबरी १८८७ साली बर्लिन येथे छापली गेली. तिचा नायक इबार्रा सात वर्षे युरोपात राहून मनिलाला परततो, आणि आठव्या प्रकरणात गाडीतून शहर ओलांडतो. प्रकरण अवघ्या काही पानांचे आहे. तरीपण मनिला पाहू इच्छिणाऱ्याला याहून चांगला वाटाड्या मिळणे कठीण. रस्ते अद्याप फरसबंदीवाचून; ऊन पडले की धूळ, पाऊस पडला की चिखल. सान गाब्रिएल चौकातील बदामाची झाडे तसूभरही वाढलेली नाहीत. एस्कोल्ताची व्यापारी पेठ पूर्वीइतकी देखणी वाटत नाही. डोकी भादरलेले कैदी रस्त्यावर राबत असत, त्यांतील एक मरून पडलेला त्याने बालपणी पाहिला होता, तेही त्याला येथेच आठवते. पुढे वनस्पतिउद्यान लागते, आणि युरोपातील उद्याने त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. तेथे एक पान उगवावे म्हणून माणसे अपार कष्ट घेतात. येथे मात्र माती आपण होऊन देत असता कोणाचे लक्ष नाही! तुलना हा एक सैतानच आहे आणि तो माणसाची पाठ सोडीत नाही, असे रिसालने येथे सुचविले आहे. बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९९८ साली आपल्या एका ग्रंथाचे नावच या कल्पनेवरून ठेविले.

आपल्या प्रवाशाची तुलना बहुधा अभिमानात तरी संपते, नाही तर लाजेत. इबार्राची तुलना या दोन्ही ठिकाणी थांबत नाही. हे काम कोणी करावयाचे होते आणि ते का झाले नाही, या प्रश्नापर्यंत ती वाचकाला नेऊन सोडते. आणि हे रिसाल बोलून दाखवीत नाही. गाडी पुढे जात राहते, इतकेच.

हा संयम त्याला पुढे सर्वत्र साधलेला नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १८९१ साली गेन्ट येथे प्रसिद्ध झालेल्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या उत्तरकथेचा आरंभ पासिग नदीतून सरोवराकडे निघालेल्या ‘ताबो’ नावाच्या आगबोटीवर होतो. ताबो म्हणजे करवंटीचे पाणी काढण्याचे भांडे. बोटही तशीच गोलमटोल. वरच्या डेकवर स्पॅनिश अधिकारी आणि पाद्री, खालच्या डेकवर देशी माणसे, चिनी व्यापारी आणि सामानसुमान. (प्रवासभत्त्याचे नियम पाठ असलेल्या वाचकाला ही व्यवस्था फारशी परकी वाटणार नाही.) कल्पना नामी आहे, पण हे जहाज म्हणजे राज्यशकट, असे लेखक स्वतःच बोट दाखवून सांगतो, आणि वाचकाने करावयाचे काम त्याच्या हातून काढून घेतो. उपरोध एकदा समजावून दिला की त्याची धार जाते.

याच कादंबरीतील पाचवे प्रकरण मला कितीतरी सरस वाटते. नाताळच्या आदल्या रात्री बासिलियो हा विद्यार्थी घोडागाडीतून गावी निघाला आहे. गाडीवान आपला ओळखीचा दाखला घरी विसरला. शिपाई गाडी अडवितात व त्याला मारतात. पुढे गाडीचा कंदील विझतो. पुन्हा अडवणूक, पुन्हा मार. अखेर बासिलियो उतरून पायी चालू लागतो. येथे एकही रूपक नाही, भाष्य नाही. एक दाखला आणि एक कंदील, एवढ्यावर साऱ्या राज्याचा कारभार कळतो. इबार्राने गाडीच्या आत बसून शहर पाहिले. गाडी हाकणाऱ्याला रस्ता कसा दिसतो हे कळावयास मात्र दुसरी कादंबरी यावी लागली. दोन्ही ग्रंथ ओळीने वाचावेत ते यासाठी.

रिसालची मनिला आज शोधणे सोपे नाही. १९४५ च्या लढाईत इन्त्रामुरोस ही तटबंदीची जुनी नगरी बहुतेक उद्ध्वस्त झाली. सान आगुस्तीनचे चर्च तेवढे उभे राहिले. पासिगवर प्रवासी नावा मात्र आजही चालतात, आणि एस्कोल्ता त्याच नावाने ओळखली जाते. इबार्राची गाडी बागुंबायानच्या मैदानापाशी येते तेव्हा रिसालच्या मनात १८७२ साली तेथे गळा आवळून देहदंड दिलेले तीन देशी पाद्री होते. त्याच मैदानावर ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याला स्वतःला गोळ्या घालण्यात आल्या. त्यामुळे हे प्रकरण भविष्यवाणी म्हणून वाचण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, लिहिताना त्याला आपला शेवट ठाऊक नव्हता, आणि त्या पानांचा गुण त्यावर अवलंबूनही नाही. ज्या सान्तियागो किल्ल्यात त्याला अखेरपर्यंत कोंडले होते तेथून त्या मैदानापर्यंत त्याची पावले धातूत घडवून रस्त्यात बसविली आहेत. कादंबरी वाचून जाणाऱ्याने ती वाट पायीच चालावी, आणि वाटेत बदामाची झाडे दिसली तर किती वाढली आहेत तेही पाहावे.