नासासंधान आणि उत्तरकर्म

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात नासासंधानाचा विधी आला आहे. नाकाच्या मापाचे पान घेऊन तेवढी त्वचा गालापासून काढावी, श्वासासाठी दोन नळ्या बसवाव्यात, वारंवार तिलतेलाचे सिंचन करावे, असा त्याचा क्रम. येथे शस्त्रकर्माइतकेच महत्त्व शुश्रूषेस आहे. तथापि नाक रुजून समप्रमाण झाले की ती संपते.

ज्या रोगाच्या रुग्णांसाठी मनोहर दिवाणांनी १९३६ साली वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठधाम स्थापिले, त्या रोगात ही मर्यादा विशेष जाणवते. कुष्ठाने बसलेले नाक उभारता येते, कंडरा-स्थानांतराने वाकलेली बोटे सरळ करता येतात. परंतु गेलेली संवेदना त्याने परतत नाही. चटका कळत नाही, म्हणून हातपाय रोज तपासावे, भिजवावे, त्यांस तेल लावावे लागते. हे उत्तरकर्म आमरण चालणारे आहे, आणि त्याचा कर्ता वैद्य नसून स्वतः रुग्ण आहे.