बटाट्याच्या चाळीची खानेसुमारी

गिरगावातली एखादी चाळ पुनर्विकासाला गेली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. सताड उघडी दारं, गॅलरीतल्या गप्पा, वाटीभर उसनी साखर, गच्चीवरची कोजागिरी. शेवटी मराठी टक्का कसा घसरला याचा उसासा, आणि बहुतेक वेळा पुलंची आठवण. 'बटाट्याची चाळ' हे १९५८ सालचं विनोदी पुस्तक अशा रीतीने एका वस्तीचा दाखला होऊन बसलं आहे: बघा, पूर्वी इथे आपण असे राहत होतो. यातलं 'आपण' म्हणजे नेमकं कोण, एवढाच प्रश्न घेऊन मी हे पुस्तक अलीकडे पुन्हा वाचलं. विनोद बाजूला ठेवला (ते सोपं नाही, दोनदा पुस्तक मिटून हसावं लागलं) आणि फक्त दारांवरच्या पाट्या वाचल्या.

त्रिलोकेकर, बर्वे, सोमण, रेगे, नाडकर्णी, गुप्ते, पोंबुर्पेकर, अक्षीकर, एच्च. मंगेशराव. मराठी वाचकाला यापुढे काही सांगावं लागत नाही. पाठारे प्रभू, चित्पावन, सारस्वत, कायस्थ प्रभू. पोंबुर्पे बार्देशातलं, अक्षी अलिबागजवळची, आणि मंगेशरावांच्या नावाआधीचा तो जोड 'च्च' दक्षिणेकडचा उच्चार सोबत घेऊन आलेला. म्हणजे कारवारपासून मुंबईपर्यंतच्या किनारपट्टीवरचा लिहिता-वाचता, कचेरीत जाणारा, बव्हंशी उच्चवर्णीय समाज या चाळीत राहतो. आडनावांच्या या निवडीत पुलंचा कान किती तयार होता ते जाणवतं. १९६१पासून ते या चाळीचा एकपात्री प्रयोग करू लागले तेव्हा एकटा माणूस रंगमंचावर सगळी चाळ उभी करायचा, ती मुख्यतः आवाजांतून. प्रभूंची बोली वेगळी, सारस्वतांचा हेल वेगळा, बर्व्यांचं भाषण वेगळं. चाळीतला विनोद या फरकांतून निघतो. मात्र हे फरक सगळे एकाच अरुंद पट्ट्यातले आहेत. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसांच्या ते इतके ओळखीचे होते, की त्यांना त्या पट्ट्यातच अख्खा महाराष्ट्र ऐकू आला असावा.

बहुजन नाव या पुस्तकात ठसठशीतपणे भेटतं ते मालकाचं. गच्चीला कुलूप घालणारे मेंढेपाटील. 'गच्चीसह झालीच पाहिजे' हा लेख संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचं विडंबन म्हणून आपण वाचतो आणि ते आहेच. पण भाडेकरू आणि मालक यांच्या आडनावांकडे पाहिलं तर ती दुसरीही एक गोष्ट सांगतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर जुन्या चाळीचा मालक हा नावापुरताच मालक उरला होता. ठरलेल्या भाड्यात राहणारा सुशिक्षित भाडेकरू त्याच्यावर मनसोक्त हसू शकत होता.

विनोदी लेखकाकडे शिरगणतीचा हिशेब मागणं हास्यास्पद आहे, असं कोणी म्हणेल. मान्य. पुलंनी गिरगावच्या लोकसंख्येचा अहवाल लिहायला घेतला नव्हता. हिशेब वाचकाकडे मागायचा आहे, कारण अहवाल म्हणून ते पुस्तक आपण वापरतो. खुद्द गिरगावात तेव्हाही, आजही, ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांची घरं असलेली खोताची वाडी आहे, पोर्तुगीज चर्च आहे, फणसवाडीत दाक्षिणात्य धाटणीचं व्यंकटेश मंदिर आहे, आणि काळबादेवीच्या बाजूला पावलोपावली गुजराती. चाळीत हे लोक नव्हते कारण चाळी तशा भरतच नसत. खोली रिकामी झाल्याची खबर वर्तमानपत्रात येत नसे. ती मेव्हण्याला, गाववाल्याला, कचेरीतल्या ज्ञातिबांधवाला आधी कळे. काही चाळी तर ज्ञातीच्या ट्रस्टांच्याच होत्या. गावदेवीत १९१५ साली सुरू झालेली सारस्वतांची सहकारी गृहसंस्था देशातल्या पहिल्या सहकारी गृहसंस्थांत मोजली जाते. सहकाराचा तो मोठा प्रयोग होता, आणि शेजारी कोण असावा हे आधीच ठरवण्याचाही. वाटीभर साखर निःशंकपणे मागता येत होती, कारण कोणाच्या हातची साखर चालते हा प्रश्न खोली देतानाच निकालात निघालेला असे.

या चाळीतून निघून अर्ध्या तासात पायी कामाठीपुरा गाठता येतो. पेशव्यांपासून पुलंपर्यंतच्या मराठी साहित्याला ते अंतर कापायला बराच काळ लागला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना कवीकडून शब्दांचे अर्थ समजून घ्यावे लागले, त्याच्यासोबत ती वस्ती फिरून यावी लागली. गिरगावात वाढलेल्या मराठी लेखकाला लगतच्या मोहल्ल्यासाठी वाटाड्या लागला. तेंडुलकरांनी ते लपवलं नाही, हे मला त्या प्रस्तावनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

चाळीतली माणसं मजल्यागणिक कशी वाटलेली असतात हे उघडपणे लिहिलं ते किरण नगरकरांनी, 'रावण अँड एडी'त (१९९५). माझगावच्या त्यांच्या चाळीत वरचा मजला कॅथलिकांचा, खालचे हिंदूंचे. जिना एक, इमारत एक, तरी एका मजल्याला दुसऱ्याची काही खबर नाही. 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिणाऱ्या या लेखकाची ही कादंबरी इंग्रजीत यावी याचं मला वाईट वाटायचं. आता वाटतं, मराठीत 'चाळ' हा शब्द एवढ्या गोड आठवणींनी लडबडला होता, की त्या शब्दापासून थोडं दूर जाणं त्यांना उपयोगी पडलं असेल.

गिरणगावातल्या चाळी या गोडव्यापासून बचावल्या असं आपण धरून चालतो, कारण तिथे संप झाला, उपासमार झाली. जयंत पवारांचं 'अधांतर' (१९९७) त्या चाळीतलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर वाताहत झालेलं धुरी कुटुंब, आई, तीन मुलगे, एक मुलगी. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या मोजक्या मोठ्या मराठी नाटकांपैकी हे एक आहे. त्यातली माणसं वर्गाचे प्रतिनिधी म्हणून बोलत नाहीत, भुकेल्या घरातली माणसं म्हणून एकमेकांना ओरबाडतात. पण नाटकाचं यश असं, की 'गिरणी कामगार' म्हटलं की आता डोळ्यांपुढे कोकणातला मराठा धुरीच येतो. २०१०च्या 'लालबाग परळ' या चित्रपटाने ती प्रतिमा आणखी घट्ट केली.

गिरण्यांत रत्नागिरीचे लोक मोठ्या संख्येने होते हे खरंच. पण सातारा-पुण्याकडचे घाटी होते, मदनपुऱ्यातले जुलाहे होते, तेलुगू पद्मशाली होते, उत्तरेतले भय्ये होते. १९२१च्या खानेसुमारीत मुंबईच्या दर शंभर रहिवाशांतले सुमारे ८४ मुंबईबाहेर जन्मलेले होते. मूळचा मुंबईकर तेव्हाही शोधावाच लागत होता. आणि दलित कामगार होते, पण साचाखात्यात नव्हते. धोट्यात नवी कांडी भरली की सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि एकाच्या ओठांचा धोटा दुसऱ्याने लावायचा म्हणजे विटाळ. म्हणून जास्त पगाराचं ते खातं सवर्णांकडे राहिलं आणि दलितांच्या वाट्याला रिंग खातं आलं. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. ते स्वतः तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते.

खात्यातली ही विभागणी संध्याकाळी घरापर्यंत यायची. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथल्या २०७ बीडीडी चाळी सरकारने बांधलेल्या, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. नकाशात सगळ्या सारख्या. तरी कोणती इमारत बौद्धांची आणि कोणती हिंदूंची हे तिथलं पोर सांगू शकत असे. १९७४च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली तेव्हा दगड कोणत्या गच्चीवरून कोणत्या गॅलरीवर यायचे, ते याच माहितीवर ठरत होतं. गच्चीचा हा उपयोग चाळीच्या आठवणींत येत नाही. आता तिथे टॉवर उभे राहत आहेत, १६०च्या जागी ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि वाटपाच्या सोडतीत कोणाला शेजारी कोण येईल याची कुजबुज मी माझ्या कानांनी ऐकली आहे.

मी ज्या चाळीत वाढलो तीही बटाट्याच्या चाळीचीच मावसबहीण होती. जिन्याच्या तोंडाशी काळा लाकडी फळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत खोलीवार नावं. सत्तावीस नावं मला अजून ओळीने म्हणता येतात. मागच्या बाजूला संडासांना लागून एक गोल लोखंडी जिना होता. तो सरळ मागच्या घरगल्लीत उतरायचा. त्यावरून सकाळी दोन बायका आणि एक पुरुष बादल्या-खराटे घेऊन वर यायचे आणि त्याच जिन्याने जायचे. आम्हां मुलांना त्या जिन्यावर खेळायची बंदी होती. का, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. कोजागिरीचं दूध त्यांना मिळायचं, पण वेगळ्या भांड्यातून, दुसऱ्या दिवशी.

चाळ पाडायच्या आधी निरोप समारंभ झाला. मी भाषण केलं, पुलंचा उल्लेख केला, टाळ्या पडल्या. काळा फळा कोणी न्यायचा यावरून दोन घरांत थोडं वाजलं. शेवटी तो नव्या इमारतीच्या लॉबीत लावायचं ठरलं. लोखंडी जिना त्याआधीच भंगारवाल्याने वजनावर नेला होता.