आपले आपण चालणे

गेल्या दिवाळीत पुण्याच्या भाच्याने मला एक पुस्तिका आणून दिली. गुळगुळीत कागद, पानापानावर निळाशार समुद्र, आणि प्रत्येक चित्रात पाठमोरी उभी असलेली दोन गोरी माणसे. पुस्तिका एका प्रवासी कंपनीची होती. विषय होता, भूमध्य समुद्राच्या काठाने 'सेल्फ-गायडेड वॉकिंग हॉलिडे'. भाचा बायकोसह तिकडे जाऊन आला होता, आणि मामाला वाचनाचा नाद आहे हे त्याला ठाऊक होते. मी शब्दकोश काढून त्या इंग्रजीचे मराठी केले: 'कोणी वाट न दाखवता, आपले आपण, सुटीत चालणे.' लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात याला नुसते 'चालणे' म्हणतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

तरीही पुस्तिका मी दोनदा वाचली, आणि तिच्यावर समीक्षा लिहावी असे ठरवले. अधिकार काय, असे कोणी विचारील. प्रवासवर्णनांवर मराठीच्या प्राध्यापकांनी पुष्कळ लिहिले आहे. माझ्याजवळ फक्त बी.कॉम.ची पदवी आणि नांदेडच्या काउंटरमागे व्हाउचरे तपासण्याचा अनुभव आहे. पण व्हाउचर नसलेला खर्च कितीही सुंदर अक्षरात लिहिला असला तरी मी पास करीत नाही. साहित्याला हीच कसोटी लावली तर बिघडले कुठे?

प्रथम गुण सांगतो. लेखनशैली संयत आहे. चढाला कुठेही चढ म्हटलेले नाही. तिथे 'विस्तीर्ण दृश्याचा लाभ' होतो. पाऊस आला तर 'वातावरण बदलते'. दुपारचे जेवण आपल्या पैशाने करायचे असेल तिथे 'स्थानिक चवींचा मनमुराद शोध घ्या' असे आहे. आमच्या साहेबांना अशी भाषा आली असती तर बुडीत कर्जांचे अहवाल वाचनीय झाले असते.

मजकूर इटलीतल्या चिंक्वे तेर्रे या भागाचा आहे. या शब्दांचा अर्थ 'पाच गावे' असा घेतात. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे समुद्राच्या कड्याला मधाच्या पोळ्यासारखी चिकटलेली आहेत. युनेस्कोने १९९७ साली हा भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला. गावांना जोडणाऱ्या पायवाटा आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या खुणा रंगवलेल्या आहेत, आणि समुद्राकाठच्या मुख्य वाटेवर चालायला तिकीट आहे. कोर्निल्याच्या स्टेशनवरून गावात जायला ३८२ पायऱ्या आहेत. पण त्या सामानासकट चढाव्या लागत नाहीत, कारण कंपनी रोज सकाळी तुमची बॅग उचलून पुढच्या मुक्कामी पोचवते. तुमच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि खिशात नकाशा. मला ही कल्पना इतकी आवडली, की रक्कम पाहीपर्यंत मी जवळजवळ निघालोच होतो.

शनिवारी लातूरला घरी गेलो तेव्हा पुस्तिका बरोबर नेली. आमचे वडील, म्हणजे आण्णा, ओसरीवर बसून होते. आण्णांचे गुडघे आता गेले आहेत. त्याआधी त्यांनी एकोणीस वर्षे पंढरीची पायी वारी केली, मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी अशी, गावच्या दिंडीबरोबर. दरवर्षी निघताना ते मला विचारीत, "येतुस का औंदा?" आणि दरवर्षी मी सांगे, "आण्णा, जूनअखेरचं क्लोजिंग आहे." एका वर्षी आषाढी जुलैच्या मध्यात आली, तेव्हाही मी क्लोजिंगच सांगितले. आण्णा शेतकरी, बँक जुलैत काय बंद करते हे त्यांनी कधी विचारले नाही. पुढे गुडघे गेले आणि विचारणेही थांबले.

"काय वाचलालास?" आण्णांनी विचारले.

मी मराठी करून वाचून दाखवू लागलो. ते डोळे मिटून ऐकत होते. सामान पुढे जाते हे ऐकल्यावर म्हणाले, "आमचंबी टरकात जायाचं की. त्येत नवीन काय?"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. दिंडीचे सामान ट्रकमधून पुढे जाते, वारकरी टाळ आणि पताका घेऊन मोकळा चालतो. युरोपातल्या कंपन्यांनी जी सोय शोधून काढली म्हणून मी थक्क झालो होतो, ती आमच्या घरातला माणूस एकोणीस वर्षे भोगत होता.

"बरं, तितं पानी कुठं मिळतंय?"

मी पाने चाळली. पाण्याचा उल्लेख 'पारदर्शक' एवढाच होता, आणि तो समुद्राविषयी होता.

"भाकर कुनाची खाल्ली?"

"हॉटेलात, आण्णा. नाश्ता धरलेला आहे."

"आन् ती वाट केली कुनी?"

पुस्तिकेतल्या चित्रांत वाटेच्या दोन्ही बाजूंनी डोंगरभर दगडी ताली दिसतात. त्या तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षे हाताने, चुना-माती न वापरता, दगडावर दगड रचून घातल्या. द्राक्षे आणि लिंबे लावायला त्या कड्यावर जमीन नव्हती, ती त्यांनी तयार केली. पायवाटा त्यांच्या येण्याजाण्याच्या. हे मला नंतर दुसरीकडे वाचून कळले. पुस्तिकेत त्या तालींना 'नयनरम्य' म्हटले आहे, आणि घालणाऱ्यांना काहीच म्हटलेले नाही. शेती परवडेना म्हणून लोक निघून गेले की ताली ढासळतात आणि डोंगर खाली येऊ लागतो. रिओमाज्जोरे ते मानारोला ही 'प्रेमाची वाट' २०१२ साली दरड कोसळून बंद पडली, ती २०२४ साली पुन्हा खुली झाली. प्रेमालासुद्धा गवंडी लागतो.

तर आण्णांचे हे तीन प्रश्न: पाणी कुठे मिळाले, भाकर कुणाची खाल्ली, आणि वाट केली कुणी. माझ्या मते चालण्याविषयीच्या कुठल्याही पुस्तकाची समीक्षा यांत संपते. नांदेडला परतल्यावर मी कपाटातली पुस्तके या कसोटीवर पुन्हा काढली.

वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' पहिल्या झटक्यात पास झाला. हा कोकणातला गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेकडे चालत निघाला आणि नेमका बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा पाडाव त्याने आत राहून पाहिला, वाटेत लुटला गेला, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी आला. पुस्तक छापून आले ते १९०७ साली. कुणी काय दिले आणि कुणी काय लुबाडले हे भटजी मांडून ठेवतात. जमा आणि नावे दोन्ही बाजू भरलेल्या. असा खातेदार मला काउंटरवर कधी भेटला नाही.

दुसरे धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त', १९१५ सालचे. कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी मित्रांबरोबर साताऱ्याला चालत गेला. समुद्रकाठापासून कुंभार्ली घाट चढून, भर पावसात, सुमारे ११० मैल. तिथे पोचल्यावर सांगण्यात आले की तुम्ही वयाने लहान दिसता, परीक्षेला बसता येणार नाही. आणि कर्वे हे सांगताना आवाज चढवत नाहीत. हीच घटना आमच्या पुस्तिकेच्या लेखकाकडे दिली असती तर 'साताऱ्याहून परतीच्या वाटेवरही विस्तीर्ण दृश्याचा लाभ' झाला असता.

तिसरे दि. बा. मोकाशींचे 'पालखी', १९६४ सालचे. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवीत. म्हणजे आमच्यासारखेच, पोटासाठी दुसरे काही करणारे. ते वारीला भक्त म्हणून गेले नाहीत, पाहणारे म्हणून गेले, आणि तसे कबूल करून गेले. हे पुस्तक मी चार शनिवार आण्णांना वाचून दाखवले. भक्तीची कसोटी लावून आण्णा त्याला नापास करतील अशी मला भीती होती. आण्णा म्हणाले, "ह्येचे पाय दुखलेत. खरा चाललाय गडी." इतकी नेमकी समीक्षा मी आजवर कुठल्या मासिकात वाचलेली नाही. माझी स्वतःची तक्रार एवढीच की मोकाशी वही घेऊन गेले होते, आणि वहीवाला माणूस दिंडीत असला तरी दिंडीच्या कडेनेच चालतो. पण ही तक्रार करणारा मी तर कडेलाही नव्हतो. मी क्लोजिंगमध्ये होतो.

या विचाराने मला इतके लागले की या हिवाळ्यात एल.एफ.सी. काढून मी सौ.सह दापोलीला गेलो. इटली नाही तर नाही, आपला समुद्र काय कमी निळा आहे? बेत असा होता की मुरूडपासून हर्णैपर्यंत समुद्राच्या काठाने आपले आपण चालायचे. जाण्यापूर्वी आण्णांना सांगितले, "मुरूडला जातोय, चालायला." आण्णा चकित झाले. "मुरूडला? त्येला सुटी कशाला काढलास? हितनं दर घंट्याला यष्टी हाय की." आमच्या लातूर तालुक्यातही एक मुरूड आहे, हे मी विसरलो होतो. आण्णांच्या वारीच्या वाटेवरचे.

आम्ही चाललो. कुठे वाळूतून, कुठे डांबरी रस्त्याने. नकाशा नव्हता, समुद्र डाव्या हाताला ठेवायचा एवढेच. सामान पुढे नेणारे कोणी नसल्याने ते पाठीवर होते, आणि सौ.ने लातूरहून आणलेले धपाटे आणि शेंगाची चटणी त्या सामानात मोठ्या प्रमाणावर होती. लांबून सुवर्णदुर्ग दिसू लागला. २०२५ साली यालाही युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आहे. तेव्हा या बाबतीत आम्ही आणि चिंक्वे तेर्रे बरोबरीत आलो. पण अकराच्या उन्हात बाटलीतले पाणी संपले, आणि त्या वेळी युनेस्कोचा काही उपयोग होईना.

रस्त्यालगत नारळ-पोफळीच्या बागेत एक घर होते. एक आजी रहाटाच्या विहिरीपाशी उभ्या होत्या. पाणी मागितले, त्यांनी दिले. कुठले तुम्ही, म्हणून विचारले. लातूरचे, म्हणालो.

"लातूर? रेल्वेनं पाणी नेलं होतं, तेच ना?"

तेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली होती. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा माझी बदली लातूरला होती. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता घागरींची रांग लागे, आणि रांगेत मी आणि आमच्या शाखेचे मॅनेजर एकाच हुद्द्याचे असू. कोकणातल्या या आजींनी ते टी.व्ही.वर पाहिले होते आणि इतकी वर्षे ध्यानात ठेवले होते. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली भरलेली बाटली घेतली, ती विहिरीच्या काठावर ओतून दिली आणि थंड पाण्याने पुन्हा भरून दिली. पाणी असे ओतलेले पाहून सौ.ने डोळ्याला पदर लावला. ती ऊन लागल्याचे सांगत होती.

परतल्यावर आण्णांना सगळे सांगितले. समुद्र, सुवर्णदुर्ग, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. माझ्या वर्णनात बरेच निळे रंग होते. आण्णा थांबून राहिले आणि मग म्हणाले, "पानी कुनी दिलं?"

मी आजींचे सांगितले.

"नाव काय बाईचं?"

नाव मी विचारले नव्हते.

आण्णा रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि येडशीत कोणाच्या ओट्यावर ताक मिळे, बार्शीत कोण पाय चेपायला तेल देई, एकोणीस वर्षांपैकी कोणत्या वर्षी कोणाच्या घरी कोण वारले होते आणि तरी दिंडीला भाकरी चुकली नव्हती, हे एकेक नाव घेऊन सांगत राहिले. ना वही, ना नकाशा. मी ऐकत होतो, आणि त्या चार शनिवारी मी त्यांना पुस्तक वाचून दाखवले याची मला थोडी लाज वाटत होती.

बँकेत एक रीत आहे. रक्कम जमा झाली, पण देणाऱ्याचे नाव कळले नाही, तर ती सस्पेन्स खात्याला टाकतात आणि नाव मिळेपर्यंत तिथेच ठेवतात. दापोलीकडचे ते दोन बाटल्या पाणी माझ्या सस्पेन्स खात्यावर पडून आहे. ऑडिटर म्हणून मी एवढेच लिहितो की भूमध्य समुद्राची पुस्तिका नामंजूर, मोकाशी, कर्वे आणि गोडसे मंजूर, आणि प्रस्तुत लेखकाचे प्रवासवर्णन नावाअभावी प्रलंबित.

येत्या आषाढीसाठी रजेचा अर्ज मात्र आजच दिला आहे. साहेब म्हणाले, "अहो, जूनअखेर आहे, क्लोजिंग!" मी म्हटले, "साहेब, ते कारण माझं वापरून संपलंय."

अजून आण्णांना सांगितलेले नाही. त्यांनी आपण होऊन विचारावे, अशी इच्छा आहे.