कापसाचा ओघ आणि शेगाव : आकड्यांच्या चित्रांचे परीक्षण

कागद तपासण्याची रीत आमच्या संशोधकांत आता चांगली रुळली आहे. एखादे पत्र हाती आले म्हणजे ते अस्सल की नक्कल, हात कोणाचा, शिक्का कोणाचा, वार व तिथी जुळतात की नाही, हे पाहिल्यावाचून कोणीही त्यावर भिस्त ठेवीत नाही. परंतु त्याच संशोधकाच्या ग्रंथात आकड्यांचा एखादा आलेख छापलेला असला, म्हणजे ही सारी सावधगिरी कोठे जाते कोण जाणे! रेषा वर गेली की भरभराट झाली आणि खाली आली की ऱ्हास झाला, असे वाचक मानतो व लेखकही मानतो. बखरीचा प्रत्येक शब्द पारखून घेणाऱ्या माणसाने रेषेवर असा आंधळा विश्वास टाकावा, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. रेषाही कोणीतरी काढलेली असते. ती काढण्यापूर्वी काही आकडे घेतलेले व काही टाकलेले असतात.

आकड्यांना आकार देण्याचे हे काम आज एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. वृत्तपत्रे, सरकारी खाती व व्यापारी मंडळ्या त्यासाठी पगारी माणसे ठेवतात आणि पूर्वी ज्याला आठवडे लागत ते चित्र संगणक क्षणार्धात काढून देतो. या कारागिरांस आम्ही येथे आलेखकार म्हणू. त्यांच्या कामाकडे इतिहाससंशोधकाने साधन म्हणून कसे पाहावे, एवढाच प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे. उदाहरणासाठी आम्ही वऱ्हाडातील शेगाव हे गाव घेतो. आज हे गाव श्रीगजानन महाराजांच्या समाधीमुळे सर्वांस ठाऊक आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी संदर्भग्रंथांत त्याची ओळख अगदी निराळी आढळते. मुंबईपासून ३४० मैलांवरचे रेल्वेचे ठाणे, १९०१ च्या खानेसुमारीत वस्ती १५,०५७, आणि रुई दाबून गाठी बांधण्याचे कारखाने : इतकेच काय ते वर्णन.

या रुईचे जगातील पहिले नामांकित चित्र पॅरिसमध्ये निघाले. शार्ल जोझेफ मिनार (१७८१–१८७०) हा फ्रान्सच्या रस्ते व पूल खात्यातील अभियंता. १८५१ साली तो नोकरीतून निवृत्त झाला, आणि ज्या नकाशांमुळे त्याचे नाव राहिले त्यांपैकी बरेचसे त्याने त्यानंतर काढले. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीत सैन्य कसे गळत गेले हे दाखविणारा त्याचा १८६९ चा नकाशा पुष्कळांनी पाहिलेला असतो. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो त्याचा १८६६ चा नकाशा. त्यात १८५८, १८६४ व १८६५ या तीन सालांत युरोपात कच्चा कापूस कोठून किती आला, हे तीन चित्रांत शेजारी शेजारी दाखविले आहे. प्रत्येक देशाच्या कापसाचा समुद्रावरून एक पट्टा काढला आहे. जितके वजन, तितकी त्या पट्ट्याची रुंदी. १८५८ च्या चित्रात अमेरिकेचा पट्टा पुराच्या नदीसारखा फोफावलेला आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि पुढील दोन चित्रांत तोच पट्टा ओहोळासारखा झालेला दिसतो. उलट हिंदुस्थानातून निघणारा पट्टा फुगत जातो. सुवेझचा कालवा १८६९ पर्यंत खुला झालेला नव्हता. त्यामुळे तो पट्टा साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून युरोपकडे जातो. रकान्यांत मांडलेले आकडे तासभर चाळूनही जी गोष्ट मनावर ठसणार नाही, ती येथे एका दृष्टिक्षेपात ठसते. ही थोरवी आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

या नकाशावर एक आक्षेप नेहमी घेण्यात येतो, तो असा की मिनारने भूगोलाची ओढाताण केली. युरोपजवळ पट्टे मावेनात तेव्हा त्याने सामुद्रधुन्या रुंद केल्या व किनारे खुशाल सरकविले, ही गोष्ट खरी आहे. परंतु आमच्या मते हा आक्षेप पोकळ आहे. नकाशाच्या मथळ्यातच त्याने तो 'आकृतिरूप व स्थूलमानाचा' असल्याचे सांगून टाकले आहे. शिवाय नावाडी काही हा नकाशा घेऊन जिब्राल्टर ओलांडणार नव्हता. किनारा बिघडला आहे हे शाळकरी पोरासही दिसते; आणि जो फरक दिसतो त्याने कोणाची फसवणूक होत नाही.

खरा दोष निराळा आहे, आणि तो शेगावाकडून पाहिले तरच ध्यानात येतो. मिनारची ही नदी समुद्रकाठी उगम पावते. त्याचे आकडे आयातीचे, म्हणजे कापूस युरोपातील बंदरांत उतरल्यावर मोजलेले. त्यामागे तो कोठे पिकला, कोणी वेचला, कोणत्या वाटेने बंदरापर्यंत आला, याचा त्या कागदावर मागमूस नाही. वऱ्हाडची रुई एके काळी बैलांच्या पाठीवरून शेकडो कोस चालत गंगाकाठी मिर्झापूरला जात असे. पुढे तिने मुंबईचा रस्ता धरला. लोहमार्ग शेगावावरून पुढे जाऊन नागपुरास पोचला तो १८६७ साली, आणि शेजारच्या जलंब ठाण्यापासून खामगावचा फाटा निघाला तो १८७० साली. अर्थात मिनारने रेखाटलेल्या सालांत वऱ्हाडच्या बऱ्याच रुईची पहिली मजल तरी बैलगाडीवरच झालेली असली पाहिजे. हा भूभाग १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असला तरी त्यावरील निजामाचे स्वामित्व कायम होते. हिंदुस्थानच्या सरसकट पट्ट्यात तेही विरघळून गेले. पॅरिसच्या अभियंत्याला बैलगाड्यांचे आकडे मिळणे शक्य नव्हते, हे आम्ही जाणतो. तथापि जेथे मोजणारा बसला होता तेथूनच चित्र सुरू होते, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. नाहीतर जकातनाक्यालाच तो कापसाचे शेत समजून बसेल.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पट्ट्याची रुंदी म्हणजे वजन. पण १८६५ साली मुंबईत जे घडले ते वजनात घडले नाही, भावात घडले. अमेरिकेतील युद्ध संपताच कापसाचा भाव कोसळला, त्याबरोबर शेअरबाजार कोसळला, बॅकबे भरावाच्या कंपनीचे भाग कवडीमोल झाले आणि प्रेमचंद रायचंदासारख्या सावकाराचे दिवाळे वाजले. मिनारच्या १८६५ च्या चित्रात या अनर्थाचे नावही नाही. हिंदुस्थानचा पट्टा तेथे गलेलठ्ठ आहे. वजन खरे, रुंदी खरी आणि तरीही त्या सालाविषयी वाचकाचा समज उलटा व्हावा, असा हा प्रकार आहे. कोणते परिमाण मोजावे हा निर्णय आलेखकाराचा असतो, आणि एकदा तो झाला की पुढची सारी अचूकता त्या निर्णयाची चाकर होते.

आता समुद्र सोडून वऱ्हाडात येऊ. वऱ्हाडची लोकसंख्या १८६७ मध्ये २२,२७,६५४, १८८१ मध्ये २६,७२,६७३, १८९१ मध्ये २८,९७,४९१ आणि १९०१ मध्ये २७,५४,०१६ अशी नोंदलेली आहे. हे चार बिंदू कागदावर मांडून कोणीही जोडील. रेषा चढत जाते व शेवटी किंचित वाकते. १८९१ व १९०१ यांमधील घट शेकडा सुमारे ५ एवढीच. परंतु या दोन बिंदूंमध्ये १८९६–९७ व १८९९–१९०० हे दोन दुष्काळ पडलेले आहेत. सरळ रेषा सांगते की माणसे दहा वर्षे थोडथोडी कमी होत गेली. कोणत्याही गावच्या म्हाताऱ्याने हे ऐकून घेतले नसते. माणसे त्या दोन दुष्काळांच्या फेऱ्यात गेली, बाकीच्या वर्षांत वस्ती बहुधा वाढतही होती. आणि ही वाढ त्या घटीत जमा धरली म्हणजे खरी हानी १,४३,४७५ या नुसत्या वजाबाकीहून कितीतरी मोठी ठरते. दोन खानेसुमाऱ्यांमधील रेषा ही नोंद नव्हे, ते आलेखकाराचे अनुमान आहे. पोथीत गळालेल्या अक्षरांच्या जागी संपादक स्वतःची अक्षरे घालतो तेव्हा ती कंसात घालतो. आलेखकाराने ती अस्सल शाईत घालावीत काय?

बुलढाणे जिल्ह्याचा आलेख तर याहून नामी आहे. १९०१ साली या जिल्ह्याची वस्ती ४,२३,६१६ होती व मागील दहा वर्षांत ती शेकडा १२ ने घटली होती. १९११ च्या खानेसुमारीत पाहावे तो आकडा सहा लाखांच्या पुढे! दुष्काळाने पोळलेला जिल्हा दहा वर्षांत असा बहरला कसा, याची कारणे शोधू जाणारा अभ्यासक लोहमार्ग, जिनिंगचे कारखाने, कापसाचा भाव अशी एकाहून एक सयुक्तिक कारणे शोधून काढील, आणि ती सारी व्यर्थ असतील. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली आणि खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडले गेले, एवढेच काय ते रहस्य. शेगाव तेव्हा खामगाव तालुक्यात होते. गाव जागचे हलले नाही, जिल्हाच त्याच्या अंगावर येऊन बसला. आमच्या संशोधकांस परगण्यांच्या व सरकारांच्या बदलत्या हद्दींचा सराव आहे. जुन्या ताळेबंदातील एखादा महाल पुढच्या साली दुसऱ्या सुभ्याखाली दिसला तर ते चमकत नाहीत. तीच जागरूकता छापील आलेखासमोर त्यांस का सुचू नये, हे आम्हांस कळत नाही.

या व्यवसायाचे आद्य पुरुष याबाबतीत पुष्कळ सावध होते असे दिसते. विल्यम प्लेफेअर हा जेम्स वॅटच्या हाताखाली नकाशे काढण्याचे काम केलेला गृहस्थ. त्याने १७८६ च्या आपल्या संग्रहात इंग्लंडच्या व्यापाराच्या रेषा काढल्या. पण स्कॉटलंडचे एकाच सालाचे आकडे हाती होते, तेथे त्याने रेषा न काढता स्तंभ उभे केले. म्हणजे आज घरोघरी दिसणारा स्तंभालेख जन्मला तो आकड्यांच्या तुटवड्यातून. हाती नाही ते जोडू नये, हा विवेक त्यात आहे. पुढे १९२५ साली व्हिएन्नात ओटो नॉयराट याने समाज व अर्थव्यवहार यांचे संग्रहालय काढले. तेथे चिन्हे रेखाटण्याचे काम गेर्ड आर्न्ट्झ याच्याकडे होते, परंतु विद्वान व चित्रकार या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस बसविलेला असे. मारी राइडेमाइस्टर ही त्या कामातील प्रमुख. आकड्यांतून काय घ्यावयाचे, कशाशी ताडून पाहावयाचे व कोणत्या क्रमाने मांडावयाचे हे ठरविणे हे या तिसऱ्या माणसाचे काम. संख्या मोठी असली तर चिन्ह मोठे करावयाचे नाही, चिन्हांची गणती वाढवावयाची, असा त्यांचा दंडक होता. कारण दुप्पट उंचीचा माणूस काढला की डोळ्याला तो चौपट भासतो. आजच्या व्यवसायात चित्रकार पुष्कळ आहेत, संगणकही आहेत. हा मधला माणूस मात्र बहुतेक ठिकाणी नाही, किंवा असला तर त्याच्या नावाचा पत्ता नाही. मिनार आपल्या कागदावर सही व तारीख घालीत असे. वर्तमानपत्रातील आलेखाखाली निदान आकडे कोणाचे एवढे तरी सापडले म्हणजे आम्ही समाधान मानतो!

ही केवळ जुन्या कागदांची चिकित्सा नव्हे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस केंद्र सरकारने मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. या मृत्यूंचे देशभरचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो. २०१३ साली शेतीवर स्वतंत्रपणे उपजीविका करणाऱ्यांच्या रकान्यात ११,७७२ मृत्यू आहेत. २०१४ साली शेतकऱ्यांच्या रकान्यात ५,६५० आहेत. दोन बिंदू जोडा : एका वर्षात दुःख निम्म्याहून कमी झाले! वस्तुतः त्या साली रकाने बदलले, शेतमजुरांचा रकाना वेगळा निघाला आणि त्यात ६,७१० मृत्यूंची नोंद झाली. खामगाव तालुका १९०५ साली जसा एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेला, तशी येथे मेलेली माणसे एका रकान्यातून दुसऱ्यात गेली. ही रेषा अखंड काढून देणाऱ्या आलेखकाराने एकही आकडा खोटा लिहिलेला नसतो. परंतु तिच्यावरून मदत आखली जाते, वादविवाद झडतात, आणि संकट ओसरले असे म्हणणाऱ्यांस ती आयती सापडते.

आलेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप घातली म्हणजे झाले, असे यावर सांगण्यात येते. आम्हांस ते पटत नाही. चित्र एका पत्रातून दुसऱ्यात उतरते तेव्हा पहिली कात्री चालते ती टिपेवर. सबब २०१३ व २०१४ यांच्यामध्ये रेषा तोडलीच पाहिजे, जरी पैसे देणाऱ्याला तुटकी रेषा अपुरी वाटली तरी. दोन रकान्यांची बेरीज १२,३६० होते. पण तीही जुन्या ११,७७२ ला सरळ जोडता येत नाही, कारण जुन्या रकान्यात मजूर किती शिरले होते हे तो रकाना सांगत नाही. बुलढाण्याची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. तेथे तालुकावार आकडे छापलेले आहेत, तेव्हा खामगाव व जळगाव हे तालुके १८९१ पासूनच बुलढाण्यात धरून नवी बेरीज मांडता येते आणि शेगाव सबंध रेषेत एकाच जिल्ह्यात राहते.