हेरांचे दप्तर आणि इतिहासाचे साधन : अडगाव-गाविलगडच्या युद्धानंतरची नागपूर रेसिडेन्सी

प्रस्तावना :

वऱ्हाडच्या इतिहासात १८०३ हे वर्ष दोन लढायांसाठी ओळखले जाते. २९ नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि १५ डिसेंबर रोजी आजच्या अमरावती जिल्ह्यातील गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन कटक प्रांत कंपनीकडे गेला, तर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाच्या पदरात पडला. आर्थर वेलस्लीचे डावपेच, किल्लेदार बेनीसिंगाचा प्रतिकार आणि तहाने गेलेला प्रदेश यांचे वर्णन करून बहुतेक लेखन येथेच थांबते. तथापि या युद्धाचा एक परिणाम मुलूख गमावण्याहूनही दूरगामी ठरला. युद्ध संपताच कंपनीने पराभूत राज्याच्या राजधानीत कायमची वार्तासंकलनाची यंत्रणा उभी केली. तिला गुप्तहेर खाते असे नाव नव्हते. ती रेसिडेन्सी म्हणून ओळखली जाई. या यंत्रणेचे स्वरूप तपासणे आणि तिच्याच कागदपत्रांवर उभ्या राहिलेल्या आपल्या इतिहासलेखनाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भोकरदन : एका शब्दाचा प्रश्न

रेसिडेन्सीची गरज कशी निर्माण झाली, हे समजून घेण्यासाठी अडगावच्या दोन महिने आधीचा प्रसंग पाहावा लागतो. सप्टेंबर १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले यांची संयुक्त फौज भोकरदन येथे असल्याची बातमी हरकाऱ्यांनी वेलस्लीला दिली होती. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीसह २४ तारखेला हल्ला करण्याचा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात २३ तारखेलाच शत्रूचा तळ अवघ्या सहा मैलांवर असल्याचे त्यास कळले आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने असईची लढाई दिली. त्या एका दिवसात त्याची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

हरकाऱ्यांची बातमी खोटी नव्हती. भोकरदन हे गावाचे नाव होते, तसेच ते आसपासच्या मुलखाचेही नाव होते. शत्रूचा तळ त्या मुलखात पसरलेला होता आणि त्याची उजवी बाजू भोकरदन गावाशी होती. हा खुलासा वेलस्लीने पुढे स्वतःच पत्रात केला आहे. परगण्याच्या नावाने मुलूख ओळखण्याची दख्खनची रीत हरकाऱ्याला ठाऊक होती. नकाशावर बिंदू शोधणाऱ्या सेनापतीला ती नव्हती. म्हणजे उणीव बातमीची नव्हती, बातमीच्या वाचनाची होती. युद्धशास्त्राच्या ग्रंथांत असईचे वर्णन सेनापतीच्या धाडसाचे उदाहरण म्हणून येते. त्या धाडसाच्या मुळाशी भाषेची गल्लत होती, ही बाब मात्र तळटीपेत जाते.

तहातील एक कलम

देवगावच्या तहात दोन्ही सरकारांचे वकील परस्परांच्या दरबारी राहतील, असे कलम आहे. वरवर पाहता त्यात समानता दिसते. मराठी राज्यांना वकिलाची संस्था नवी नव्हती. वकील, अखबारनवीस, जासूद आणि कासीद यांच्या साखळीवर अठराव्या शतकातील सारे राजकारण चालत असे. नाना फडणविसांच्या बातमीदारीचा दबदबा तर इंग्रजांनीही मान्य केलेला होता. परंतु मराठ्यांचा वकील आपल्या धन्याला बातमी कळवीत असे आणि ती बातमी त्या त्या दरबाराच्या दप्तरातच राही. रेसिडेंटची पत्रे कलकत्त्यास जात. तेथे पुणे, हैदराबाद, ग्वाल्हेर आणि नागपूर येथील बातम्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जात. तहाच्या कलमातील समानता या ठिकाणी संपते.

या पदावर १८०४ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची नेमणूक झाली, हेही अर्थपूर्ण आहे. तेव्हा त्याचे वय २४ वर्षांचे होते. पुण्याच्या रेसिडेन्सीत काम केलेला, फारसी जाणणारा हा तरुण असई आणि अडगाव येथे वेलस्लीचा दुभाष्या व सचिव म्हणून हजर होता. हरकाऱ्यांच्या बातम्या त्याच्याच हातून सेनापतीपर्यंत पोहोचत. रणांगणावरील बातमीदारीचा अनुभव असलेला माणूस शांततेच्या काळात दरबारात बसविण्यात आला. पुढे १८११ पासून पुण्यास त्याने जे केले, त्याची पूर्वतयारी नागपुरास झाली, असे म्हणण्यास जागा आहे.

वऱ्हाडापुरता या व्यवस्थेचा आणखी एक पैलू आहे. निजामाकडे गेलेला मैदानी वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या नजरेखाली आला, तर नरनाळा आणि गाविलगड तहान्वये भोसल्यांकडेच राहिल्याने ते नागपूरच्या रेसिडेंटच्या कक्षेत राहिले. एकाच प्रदेशाची वार्ता दोन दप्तरांत विभागली गेली. आजही या प्रदेशाच्या अभ्यासकाला ही फाळणी छळते.

साधनांची चिकित्सा

या काळाचा अभ्यास करणाऱ्यास ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’ मालेतील नागपूर प्रकरणांचा, १७८१ ते १८२० या काळातील पत्रांचा खंड टाळता येत नाही. त्याचे संपादन या. मा. काळे यांनी केले. ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे ग्रंथ लिहिणाऱ्या काळ्यांचे ऋण या प्रांतातील प्रत्येक अभ्यासकावर आहे. टीका करावयाची ती त्यांच्या परिश्रमावर नाही. त्यांच्यानंतर आलेल्यांनी ही पत्रे ज्या विश्वासाने वाचली, त्या विश्वासावर आहे.

रेसिडेंटची पत्रे ही गुप्तवार्ता यंत्रणेची कागदपत्रे आहेत. दरबारात कोण कोणाच्या विरोधात आहे, खजिन्यात किती पैसा आहे, पुण्याहून कोण भेटीस आले, या प्रश्नांची उत्तरे त्यांत विपुल सापडतात, कारण कंपनीला तीच हवी होती. शेतकऱ्याचे, कोष्ट्याचे, मेळघाटातील कोरकूचे जीवन त्यांत क्वचित डोकावते. आपल्या ग्रंथांतही दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा दरबार कारस्थानांनी भरलेला आणि प्रजा जवळजवळ अदृश्य अशीच दिसते. हा त्या काळाचा स्वभाव की त्या दप्तराचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रिचर्ड जेन्किन्सचा नागपूर राज्याच्या मुलखाविषयीचा १८२७ चा अहवाल महसूल आणि समाज यांची माहिती देतो खरा. पण तोवर राज्याचा कारभार रेसिडेंटच्याच हाती आलेला होता.

सी. ए. बेली यांच्या ‘एम्पायर अँड इन्फर्मेशन’ (१९९६) या ग्रंथाने कंपनीच्या सत्तेचा पाया वार्तेत शोधला आणि देशी बातमीदारांवरील तिचे परावलंबित्वही दाखविले. मात्र त्यांचा भर गंगेच्या खोऱ्यावर आहे. दख्खन त्यात मागे पडते. मराठीत तर हेरगिरी म्हटली की बहिर्जी नाईकांच्या शौर्यकथा आणि बाळाजीपंत नातूंच्या नावाने बोटे मोडणे, एवढ्यावरच विषय आटोपतो. एक नायक, एक खलनायक. ज्या संस्थेने अशा माणसांना पगारावर ठेवले, ती संस्था चर्चेबाहेरच राहते.

स्वतंत्र भारतातील दोन प्रसंग

युद्धातील फसगतीनंतर नवी यंत्रणा उभारण्याचा क्रम पुढेही दिसतो. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर २१ सप्टेंबर १९६८ रोजी इंटेलिजन्स ब्युरोतून परराष्ट्रविषयक काम वेगळे काढून रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली ‘रॉ’ची स्थापना झाली. ब्युरो ज्या गृहखात्याच्या अखत्यारीत होता, त्या खात्याचे मंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. नवी संस्था मात्र मंत्रिमंडळ सचिवालयाशी जोडली गेली. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, तिचा अहवाल २३ फेब्रुवारी २००० रोजी संसदेत मांडला गेला आणि मार्च २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था आकारास आली.

भोकरदन आणि कारगिल यांची तुलना ताणून धरण्यात अर्थ नाही. परंतु एक फरक नोंदवावा लागतो. असईच्या चुकीचा खुलासा एका सेनापतीने पत्रव्यवहारात केला. कारगिलच्या चुकीची चौकशी समितीने केली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, नागरिकांच्या हाती आला. त्यानंतरच्या मंत्रिगटाच्या २००१ च्या अहवालातील गुप्तवार्ताविषयक प्रकरण मात्र प्रकाशित आवृत्तीत नाही. जो भाग वगळला गेला, त्यावरच नव्या संस्थेची उभारणी आधारलेली आहे. उद्याच्या इतिहासकारालाही दप्तर सांगेल तेवढेच दिसणार, ही शक्यता येथेच निर्माण होते.

दप्तराची सीमा

नागपूरच्या यंत्रणेची कसोटी १८१६ नंतर लागली. रघूजींच्या मृत्यूनंतर आप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला, आणि पुढे पेशव्यांशी त्यांचे गुप्त संधान असल्याचे जेन्किन्सला कळत गेले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ मध्ये आप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडे रवाना करण्यात आले. येथपर्यंत दप्तर जवळजवळ दिवसागणिक बोलते. परंतु मे महिन्यात जबलपूरजवळ पहाऱ्यावरील शिपायांनाच वश करून आप्पासाहेब निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास गेले. दरबारातील कुजबुज ऐकणाऱ्या यंत्रणेला आपल्याच पहाऱ्यातली कुजबुज ऐकू आली नाही. त्यानंतर अनेक महिने ते डोंगरांत वावरले, असीरगडापर्यंत पोहोचले आणि १८४० मध्ये जोधपूर येथे वारले. कंपनीच्या हाती ते पुन्हा लागले नाहीत. त्या डोंगरांत त्यांना कोणी धान्य पुरविले, कोणी वाटा दाखविल्या, कोणत्या बोलीत निरोप पोहोचविले, याचा तपशील पत्रव्यवहारात शोधू जाता तुटक अफवा हाती येतात. सातपुड्यात रेसिडेन्सीचा अखबारनवीस नव्हता.